गाठीचा ‘ब्लॉक’ आणि जनुकीय तपासणी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या भाच्याच्या मेंदूतील गाठीचे ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झाले होते. गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा वाढली. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, “ब्लॉक आणलात का?” तोवर हा शब्दही आमच्या कानावर नव्हता. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून, काडेपेटीहून लहान प्लास्टिकच्या चौकटीत, क्रमांक घालून ठेवलेला असतो; तोच हा ब्लॉक, आणि गाठीची जनुकीय तपासणी त्याच्यावर करतात. तो मिळवण्यासाठी मेहुण्यांनी परभणीहून त्या पहिल्या रुग्णालयाचे तीन हेलपाटे घातले आणि नोंदवहीतल्या एका चुकीच्या आकड्यापायी पाच आठवडे वाया गेले.

हे आठवडे किती मोलाचे होते, ते नंतर समजले. मुलांच्या मेंदूतील सावकाश वाढणाऱ्या, ‘ग्लायोमा’ प्रकारच्या गाठींत ‘बीआरएएफ’ हे जनुक अनेकदा बिघडलेले असते, पण तो बिघाड एकाच तऱ्हेचा नसतो. ‘व्ही६००ई’ हा बदल असेल तर डाब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही औषधे मिळून देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये एक वर्षावरील मुलांसाठी त्यांना मान्यता दिली. तेच जनुक दुसऱ्या जनुकाला जोडले गेले असेल, तर एकटे डाब्राफेनिब गाठ उलट वाढवू शकते. टोव्होराफेनिब मात्र या दोन्ही तऱ्हांच्या, उलटून आलेल्या गाठींसाठी २०२४ मध्ये तिथे मंजूर झाले. म्हणजे तपासणीवाचून औषध देणे हा अंदाजाचा, प्रसंगी घातक मामला ठरतो. प्रत्येक मुलाच्या गाठीत औषधाला वाव देणारा बदल सापडतोच असे नाही, हेही पालकांना आधीच स्पष्ट सांगायला हवे. भाच्याच्या अहवालात ‘व्ही६००ई’ निघाला आणि औषध सुरू झाले. तपासणीसाठी मात्र बहिणीला पाटल्या मोडाव्या लागल्या.

माझी शासनाला कळकळीची विनंती आहे की, मेंदूची गाठ उलटलेल्या मुलांची जनुकीय तपासणी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पूर्णपणे मोफत व्हावी आणि नमुना देण्याची सोय छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातच असावी, म्हणजे हिंगोली-नांदेडच्या कुटुंबांना त्यासाठी मुंबई गाठावी लागणार नाही. डिस्चार्ज कार्डावर ब्लॉकचा क्रमांक लिहिण्याची सक्ती तर उद्यापासूनही करता येईल. ज्यांच्या मुलांचे असे ऑपरेशन झाले आहे, त्या पालकांनी तो क्रमांक रुग्णालयातून आजच लिहून घ्यावा.

आपला,
एक वाचक, परभणी