आई, या वेळी जेवणाचं मी बघते

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

घर ठरलं. सात दिवस, आपण आठ जण. बाबांनी फोनवर पायऱ्या किती, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, रात्री थंडी किती पडते, हे सगळं विचारलं. आई, तू एकच विचारलंस, "तिथं गॅस आहे ना?" मी घाईत "असेल गं" म्हटलं आणि फोन ठेवला. तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आम्ही सगळे डोंगर बघायला निघालोय आणि तू मनानं आत्ताच तिथल्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिलीस.

मग मी घरमालकांना फोन करून नीट विचारलं. गॅस नाही, इंडक्शनची शेगडी आहे. त्यावर लोखंड असलेलं, चुंबक चिकटतं असंच भांडं तापतं. नुसतं ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं भांडं ठेवलं तर शेगडी चालूच होत नाही. फ्रिजवरचं चुंबक काढून मी माझ्या स्टीलच्या कुकरच्या बुडाला लावून पाहिलं. घट्ट चिकटलं. तेव्हा कुकर मी आणणार. तुझा ॲल्युमिनियमचा घरीच राहू दे.

मागच्या सहलीबद्दल आपण कुणीच पुन्हा बोललो नाही. आज मला बोलायचंय. आम्ही सगळे फिरायला गेलो आणि तू "तुम्ही या जाऊन, मी जेवणाचं बघते" म्हणून मागे राहिलीस. आम्ही दीडला परतलो, तेव्हा तू अकरापासून उभी होतीस आणि पातेल्यातली डाळ काही केल्या शिजत नव्हती. बाबांनी मधुमेहाची सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती. अडीचच्या सुमाराला त्यांचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला, साखर ६२ भरली. त्या गडबडीत, आई, तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "डाळीला वेळ लागला गं, माझंच चुकलं."

तुझं काहीही चुकलं नव्हतं. डाळही जुनी नव्हती. ते घर उंचावर होतं. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं आणि कमी तापमानावर उकळत राहतं. २,००० मीटरवर ते ९३ अंशांच्या आसपास उकळतं, आणि आच कितीही वाढवली तरी उघड्या पातेल्यातलं पाणी त्याच्या वर तापत नाही. शिजायला वेळ लागणारच. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी शंभरच्याही पुढे तापतं. हे मला आधी माहीत असायला हवं होतं. घर मी शोधलं होतं, उंची मी वाचली होती, कुकर न्यायचं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

आणि आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आम्ही कुणी तुला एकटं टाकलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. वहिनी विचारायची, मी विचारायची, "आई, सांग ना, काय करू?" पण आठ जणांना काय चालतं, कोणाला तिखट नको, दूध किती उरलंय, उद्याला काय लागेल, हे सगळं तुझ्याच डोक्यात होतं. आम्ही फक्त कांदा चिरत होतो. सांगण्याचं, आठवण ठेवण्याचं काम तुझ्यावरच राहिलं, आणि तेच सगळ्यात दमवणारं होतं. या वेळी ते काम मी घेतलंय. कागदावर सात दिवसांचं सगळं मांडून झालंय, तो कागद फ्रिजवर लावायचा आणि ज्याला काही विचारायचं असेल त्यानं कागदाला विचारायचं.

पोहोचू त्या संध्याकाळी कुणीही दुकान शोधायला जायचं नाही. मसूर डाळ, तांदूळ, बटाटे, गाजरं, मीठमसाले आणि छोटी तेलाची बाटली मी बरोबर आणतेय. मसूर डाळ मुद्दाम घेतली, कारण ती भिजवावी लागत नाही आणि पटकन शिजते. एकाच कुकरमध्ये डाळ, तांदूळ, भाज्या. राजमा मात्र घेत नाही. तो रात्रभर भिजवून खळखळून उकळावा लागतो, अर्धवट शिजला तर त्यातल्या विषारी घटकानं उलट्या होतात, आणि सहलीत तेवढा धीर कुणालाच नसतो.

सकाळी ज्याचं त्यानं घ्यायचं. अंडी, ओट्स, पाव, दूध, फळं ओट्यावर मांडलेली असतील. मुलं आता मोठी झालीत, स्वतःचं स्वतः घेतील. एक दिवसाआड डझनभर अंडी उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवणार. तशी ती आठवडाभर टिकतात, म्हणजे कुणालाही मधेच भूक लागली तरी तुला उठायला नको. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवायची, कोबी, गाजर, बटाटे नंतरच्या दिवसांना. दोन रात्री बाहेर जेवू. तयार सुपांची पाकिटं मी टाळतेय. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्या पाकिटांत मीठ फार असतं. बाबांच्या रक्तदाबाला ते नको.

भाताबद्दल आपलं थोडं भांडण होणार आहे, आई. उरलेला भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायचा नाही. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष सकाळी भात कितीही गरम केला तरी जात नाही. इतकी वर्षं काही झालं नाही, हे मला मान्य आहे. पण या वयात एका रात्रीच्या जुलाबानं अंगातलं पाणी किती जातं ते बाबांच्या वेळी आपण पाहिलंय. जेवण झालं की भात पसरट डब्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये. हे काम दादाचं, त्याला सांगून झालंय.

बाबा, आता तुमच्याबद्दल. दुपारचं जेवण साडेबाराला. कुणी फिरायला गेलेलं असो, कुणी झोपलेलं असो, तुमचं ताट साडेबाराला वाढलेलं असेल. तुमची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न आलं नाही तरी ती आपलं काम करतच राहते. म्हणून सगळ्यांसाठी थांबणं हा तुमचा चांगुलपणा इथे मला चालणार नाही. माझ्या आणि दादाच्या खिशात साखरेची पुडी असेल. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून, किंवा अर्धा कप फळांचा रस, मग १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि बरं वाटलं की थोडं खायचं. मागच्या वेळी धाकटीनं तुमच्यासाठी पळत जाऊन चॉकलेट आणलं होतं. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा उतरते, म्हणून तेव्हा मी ते बाजूला ठेवायला लावलं आणि ती रडली. या वेळी रसाची छोटी बाटली तिच्याच पिशवीत द्यायची, असं मी तिला कबूल केलंय.

पाणीही तहान लागायची वाट न पाहता प्या. वयानुसार तहान कमी जाणवते. तुमच्या बाटल्या सकाळी मी भरीन.

आई, तुला करून घालायला आवडतं हे मी जाणते. एखाद्या दिवशी मनात आलं तर खुशाल कर, मी चिरून देईन, भांडी घासीन. पण बाकीच्या दिवशी साडेबाराला तू बाबांच्या शेजारी बसून त्यांच्याबरोबर गरम जेवायचंस. मागच्या सहलीचे सगळे फोटो मी परवा पाहिले. जेवणाच्या एकाही फोटोत तू बसलेली नाहीस.

बाबा, सगळ्या गोळ्यांच्या वेळा, जेवणाआधीची कुठली, नंतरची कुठली, हे लिहून रविवारपर्यंत पाठवा. आई, आठ जणांना डाळ किती वाट्या ते तेवढं कळव. आणि पिशव्या भरायला घेऊ नकोस. सुरीसुद्धा मी आणतेय, अशा घरांतल्या सुऱ्या नेहमी बोथट असतात.

तुमची,
लेक