सुरतेला जाल तर दफनभूमीतही जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुरतेच्या स्वारीवर दर जानेवारीत वर्तमानपत्रांतून काही ना काही छापून येतं आणि मी ते आवडीने वाचते. पण बहुतेक लेख लुटीच्या आकड्यापाशी येऊन थांबतात. त्या प्रसंगातलं एक मोठं पात्र आजही सुरतेतच, कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रज दफनभूमीत, विसावलेलं आहे, याचा उल्लेख मात्र क्वचित होतो. म्हणून हे पत्र.

सर जॉर्ज ऑक्झेंडेन हे त्या माणसाचं नाव. १६६४ साली महाराज सुरतेवर चालून गेले, तेव्हा मुघलांचा अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेल्या ऑक्झेंडेनने मात्र वखार सोडली नाही, आणि त्याबद्दल औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सवलत दिली. पुढे १६६९ मध्ये, म्हणजे दुसऱ्या स्वारीच्या आदल्या वर्षी, तो सुरतेतच वारला. राज्याभिषेकाच्या वेळी नजराणा घेऊन रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडेन हा त्याचाच पुतण्या. आपल्या इतिहासाशी इतका जवळचा संबंध असलेलं हे थडगं आपल्याकडच्या किती इतिहासप्रेमींनी पाहिलं असेल?

जुन्या वास्तूंची मापं घेऊन नकाशे काढणं हे माझं काम, त्यामुळे माझं लक्ष आधी बांधकामाकडे जातं. जॉर्जचा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, त्याच्यामागून दहा वर्षांनी जॉर्ज, आणि दोघांचं मिळून हे दुमजली, घुमटाचं स्मारक झालं. लांबून पाहणाऱ्याला ते एखाद्या मुसलमान सरदाराची कबर वाटेल. त्या काळी इंग्लंडात बडी माणसं चर्चच्या आत, फरशीखाली पुरली जात. बाकीच्यांना चर्चच्या आवारात जागा मिळे. मोकळ्या जागेत घुमट उभारून त्याखाली माणूस पुरायचा, ही रीत टोपीकरांनी इथे येऊन उचलली. सुलतान आणि अमीर-उमराव यांच्या कबरी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. इथल्या कारागिरांना चौकोनावर घुमट कसा बसवायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. परक्या मुलखात आपलाही दरारा दिसावा, हा हेतू होताच.

ख्रिस्तोफरचा मृत्युलेख तर मुद्दाम वाचावा असा आहे. मूळ लॅटिन, भाषा सगळी चोपडी-खतावणीची. आपल्या खात्यावर त्याला वर्षं मांडता आली नाहीत, दिवसच काय ते मांडले, कारण मृत्यूने त्याला अचानक हिशेबाला बोलावलं, असं त्यात म्हटलं आहे. पुढे कंपनीच्या मालकांनाच प्रश्न केला आहे: तुमचा तोटा किती आणि नफा किती? तुम्ही एक नोकर गमावलात, आम्ही सोबती. उभं आयुष्य वखारीत काढलेल्या माणसांना शोक करायलाही जमा-खर्चाचेच शब्द जवळचे वाटले. हे वाचून माझ्या पोटात कालवलं होतं.

डचांची दफनभूमी वेगळी आहे. तिथलं सर्वांत मोठं थडगं हेन्ड्रिक व्हान रीडे याचं: अष्टकोनी, दुहेरी घुमटाचं, खाली-वर सज्जे असलेलं. इंग्रजांवर ताण करायची म्हणून डचांनी ते एवढं भव्य केलं, असं सांगतात आणि पाहिल्यावर ते पटतं. आत एकेकाळी रंगीत चित्रं आणि बायबलातली वचनं होती, खिडक्यांना कोरीव लाकूडकाम होतं. हा व्हान रीडे म्हणजे मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' सिद्ध करवून घेणारा अधिकारी. इट्टी अच्युतन या केरळी वैद्याचं ज्ञान त्या ग्रंथात नावानिशी नोंदलेलं आहे. १६९१ च्या डिसेंबरात कोचीहून सुरतेला येताना व्हान रीडे जहाजावरच वारला. शेवटचे खंड त्याच्यामागे निघाले. जवळच आर्मेनियन व्यापाऱ्यांची दफनभूमी आहे. तिथले दगड जमिनीलगतचे, पण त्यांवरच्या लिपीसाठी तरी तिकडे वळावं.

या थडग्यांचा परिणाम लंडनपर्यंत गेला, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ब्लेनहाइम पॅलेसचा वास्तुकार जॉन व्हॅनब्रू तरुणपणी, १६८३ ते ८५ च्या दरम्यान, कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता. १७११ मध्ये लंडनसाठी पन्नास नवी चर्च बांधायचं ठरलं, तेव्हा त्याने सुचवलं की चर्चमध्ये माणसं पुरणं बंद करा. शहराच्या कडेला भिंत घालून, झाडं लावून स्वतंत्र दफनभूमी करा. सुरतेतले इंग्रज असंच करतात, असं सांगून त्याने तिथल्या दफनभूमीचं रेखाटनही जोडलं. त्याचं म्हणणं तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. लंडनची केन्सल ग्रीन दफनभूमी सुरू व्हायला १८३३ उजाडलं. त्याआधी १७६७ मध्ये कोलकात्याची पार्क स्ट्रीट आणि १८०४ मध्ये पॅरिसची पेर लाशेझ झाली होती.

जाणाऱ्यांना कळकळीची विनंती एवढीच, की गिलाव्यावर नावं कोरू नका आणि अक्षरं वाचता यावीत म्हणून त्यांत खडू भरू नका. सकाळी किंवा संध्याकाळी जा; तिरप्या उन्हात झिजलेला लेखही उठून दिसतो. आणि कुठल्याही जुन्या दफनभूमीच्या डागडुजीत ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी सिमेंट लांब ठेवावं. चुन्यातली वीट ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार विटेतच फुलतात आणि काही पावसाळ्यांत विटेचा दर्शनी भाग पापुद्रे सुटून गळू लागतो. हे मी माझ्या कामात वारंवार पाहिलं आहे, आणि चुन्याचं काम येणारे गवंडी मिळत नाहीत ही सबब मला मान्य नाही. शोधले की मिळतात.

येत्या जानेवारीत स्वारीवर लेख घ्याल, तेव्हा सोबत ऑक्झेंडेनच्या स्मारकाचा एक नकाशा आणि मृत्युलेखाचं मराठी भाषांतर छापावं. वाचकाला समजेल असा सोपा नकाशा मी विनामूल्य काढून देईन.

आपली,
जुन्या वास्तूंचे नकाशे काढणारी एक वाचक