सगळ्याच गोगलगायी शेताच्या दुश्मन नाहीत

संपादक साहेब,

पावसाळा लागला की गोगलगायींच्या बातम्या सुरू होतात. २०२२ला लातूर, बीड, उस्मानाबादकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं खाल्ली, ते नुकसान खरंच होतं, पण आता गोगलगाय दिसली की मीठ टाका नाहीतर चिरडा असंच झालंय. त्या जमिनीवरच्या. ओढ्यातल्या, तळ्यातल्या वेगळ्या, त्यांच्याबद्दल कोणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र.

पाण्यातली गोगलगाय कुठे सापडेल ते बरंचसं तिच्या श्वासावर असतं. लिम्निया नावाची गोगलगाय पाण्याच्या वर येऊन हवा घेते, त्यामुळे गटाराच्या पाण्यातही तिचं भागतं. पॅलुडोमस कल्ल्यांनी श्वास घेते, तिला वाहतं, स्वच्छ पाणी लागतं, म्हणजे ओढ्यात सांडपाणी आलं की आधी हीच जाते आणि लिम्निया माजते. पायलाला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही, तळं आटलं की चिखलात शिरून झाकण लावून पडून राहते, हुशार प्राणी!

आणि आपल्या सह्याद्रीत तर एक नंबरी चीज आहे, क्रेम्नोकोंकस. हिचे बाकीचे भाऊबंद समुद्राच्या खडकांवर राहणारे आणि ही मात्र घाटातल्या धबधब्यांच्या तुषारांनी ओल्या झालेल्या उभ्या कातळावर, जगात दुसरीकडे कुठेच नाही. सेंटीमीटरभराची पण नाही, उन्हाळ्यात कातळाच्या फटीत दडून बसते. ब्लॅनफर्ड या इंग्रज निसर्ग-अभ्यासकानं हे नाव १८६९ला दिलं आणि पुढच्या सहा जाती कर्नाटकच्या घाटातून थेट २०१३ला जाहीर झाल्या, मधे जवळजवळ दीडशे वर्षं गेली बघा.

आता, पाण्यातल्या सगळ्या साध्यासुध्या असंही नाही. लिम्नियामुळे गुराढोरांना यकृतातला चपटा कृमी होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत तर १९५२ला माणसांच्या लघवीतून रक्त जाण्याचा आजार नोंदला गेला, त्याचा कृमी पसरवणारी फेरिसिया नावाची चिमुकली गोगलगायच होती. म्हणून तर कुठल्या पाण्यात कुठली आहे हे माहीत पाहिजे.

घाटरस्ता रुंद करताना किंवा धबधब्याला सिमेंटच्या पायऱ्या बांधताना झाडं मोजतात, ओल्या कातळावर काय चिकटलंय ते कोण बघतं? हा कातळ जुलै-ऑगस्टमधेच बघायला पाहिजे, मार्चमधे सर्व्हे केला तर ‘काही आढळले नाही’ असाच रिपोर्ट येणार.

एक वाचक