युद्धाच्या आठवणींत पुलगावचे मजूर कुठे आहेत?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

विजय दिवसाची आपली पुरवणी अथपासून इतिपर्यंत वाचली. रणगाडे, विमाने, ढाक्याची शरणागती, ९३ हजार युद्धकैदी, सगळे आले. पण तोफगोळा ज्यांच्या खांद्यावरून आघाडीकडे गेला, त्यांच्यावर एक ओळ नाही. पुलगावच्या दारूगोळा डेपोचे नाव पेपरात येते ते आग लागली की, २०१६ सारखी. याचे वाईट वाटते म्हणून लिहिते आहे.

माझे लग्न डिसेंबर १९७१ मध्ये, लढाई चालू असतानाच झाले. हे डेपोत मजूर होते. माझे माहेर आर्वी तालुक्यात, रोहण्याजवळ. तारीख संक्रांतीनंतरची धरली होती. ३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी नातलग बाबांना सांगायला लागले, पुलगावात पोरगी देऊ नका, पहिला बॉम्ब तिथेच पडेल. आई रडून मोकळी झाली. बाबा म्हणाले, शब्द दिला तो दिला. आणि धनुर्मास लागायच्या आतला मुहूर्त काढून आले. तेवढी छाती मी पुढे कोणाची पाहिली नाही.

पत्रिका छापायला सवड नव्हती. पत्रावर तेव्हा शरणार्थ्यांच्या मदतीचे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, आणि पत्र वेळेत पोहोचेल याचा भरवसा नव्हता. बाजाराच्या दिवशी गावोगावच्या माणसांना तोंडी निरोप दिले. शालू मावशीचा नेसले.

आमच्याकडे लग्न गोरजावर लागते. माझे भर दुपारी लागले. रात्री उजेड दिसू द्यायचा नाही असे गावात सांगून गेले होते, आणि गॅसबत्त्या पेटवायला रॉकेल तरी कुठे होते? कंट्रोलात कार्डावर मिळे तेवढेच. तरी आदल्या रात्री रांधायला उजेड हवा म्हणून शेजारणींनी आपापल्या घरातले थोडे थोडे आणून दिले. एकीने तर औषधाच्या शिशीतून आणले होते, त्या रात्री तिच्या घरी दिवा लागला नसेल. साखर महाग, म्हणून गुळाची लापशी केली. वरण-भात, वांग्याची भाजी, संपले जेवण.

वऱ्हाड पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीने आले. नवरदेव रात्रपाळी करून तसाच गाडीत बसलेला. हळद लावताना माझ्या काकूने यांचा हात उघडला आणि हात तसाच धरून राहिली. पेट्यांच्या दोरीने तळहात सोलून निघाले होते, बोटांत लाकडाच्या सली. हळद झोंबत असणार, पण हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळीवर. डेपोतून मालगाड्या भरून जात होत्या, त्या या हातांनी भरल्या होत्या. त्यांना ना पदक मिळाले, ना कुठल्या फलकावर नाव.

माझी विनंती एवढीच, पुढच्या पुरवणीत निदान एक पान या माणसांना द्या. त्या वेळचे मजूर आता थोडेच उरले आहेत, पण त्यांच्या बायका पुलगाव, देवळी, आर्वीकडच्या गावांत आहेत आणि त्यांना सगळे आठवते. डिसेंबर तोंडावर आल्यावर वार्ताहर पाठवू नका, तेव्हा कापूस वेचणीत कोणी घरी सापडत नाही. उन्हाळ्यात पाठवा. कोणाकोणाला भेटायचे ते मी दाखवून देईन.

आपली,
एक वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा