चावीच्या जुन्या इंजिनाची परवानगीविना रंगरंगोटी केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: कमान (स्प्रिंग) बदलण्यासाठी दिलेल्या पुरातन खेळण्यातील इंजिनाचे झालेले नुकसान, भरपाई आणि मूळ भाग परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्याकडून दुरुस्त होऊन आलेले इंजिन मिळाले. खोक्यात वरच एक कार्ड होते: ‘अगदी नव्यासारखे! आनंद घ्या.’ आनंद घेण्याच्या मनःस्थितीत आमच्या, जुन्या खेळण्यातल्या गाड्या जपणाऱ्या मंडळातले कोणीही नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या अर्जातल्या ‘विशेष सूचना’ या रकान्यात मी मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहिले होते की तुटलेली मुख्य कमान बदलावी, यंत्र साफ करून तेल द्यावे, पत्र्याला आणि रंगाला अजिबात हात लावू नये, आणि काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, परत पाठवावा. अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. आपल्या ग्राहक सेवेने मात्र ईमेलमध्ये लिहिले आहे की ‘अंतिम रूपाबाबत ग्राहकाने कोणतीही सूचना दिलेली नव्हती’. अर्ज वाचल्यावाचून कोणी काम सुरू केले, याची आपल्याकडे नोंद असेल तर ती आम्हाला हवी आहे.

इंजिन कोणते होते ते पुन्हा सांगतो, कारण आपल्या बिलावर फक्त ‘टिन टॉय, १ नग’ एवढेच आहे. ते न्यूरेंबर्गच्या बिंग बंधूंच्या कारखान्यात बनलेले, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या खेळण्यातल्या गाड्यांच्या कंपनीसाठी तयार केलेले, ३२ मिलिमीटर रुळांवर चालणारे चावीचे इंजिन. रंग काळा. त्यावर केसाएवढ्या बारीक लाल आणि पांढऱ्या रेघा, आणि या रेघा कुंचल्याने ओढलेल्या नव्हत्या. आधी सपाट पत्र्यावर रंग छापायचे, मग तो पत्रा कापून वाकवायचा, अशी त्या कारखान्यांची रीत होती. त्यामुळे रेघ, आकडा, खिळ्यांची चित्रे, सगळे छपाईतच आलेले असते. असा पत्रा एकदा खरवडला की पुन्हा रंगवता येतो, पुन्हा छापता येत नाही.

आणि खाली, पोटाच्या बाजूला, जीबीएन ही तीन अक्षरे होती. गेब्रुडर बिंग न्यूरेंबर्ग. पहिल्या महायुद्धानंतर त्या कारखान्याची खूण बदलून बीडब्ल्यू (बिंग वेर्के) झाली आणि १९३२ मध्ये कारखानाच बुडाला. म्हणजे ही तीन अक्षरे पाहून इंजिन युद्धाच्या आधीचे की नंतरचे हे लगेच कळत असे. आता त्या जागी चकचकीत लाल रंग आहे. हो, लाल! काळ्या इंजिनाला आपण लाल रंग दिला आणि बॉयलरभोवती सोनेरी पट्टा मारला. तो कोणाच्या कल्पनेतला आहे हे विचारण्याचीही आता इच्छा उरली नाही.

आमच्या मंडळात वडोदऱ्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर आहेत. त्यांनी इंजिन हातात घेतले, उलटे केले, आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ह्याला भट्टीत कोणी घातलं?” समोरचा एक बफर त्यांच्या तळहातावरच निखळून पडला होता. चिमणी एका बाजूला कललेली, बॉयलर आणि केबिन यांच्या सांध्यात फट. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झाले ते असे. आपण आधी सँडब्लास्टिंग केले, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग उडवला, आणि मग पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड लावून ती भाजून पक्की केली. पावडर कोटिंग पक्के करायला साधारण १८० ते २०० अंश सेल्सियस तापमानाच्या ओव्हनमध्ये वस्तू ठेवावी लागते. या इंजिनाचे सांधे कथिल आणि शिशाच्या डाखाचे (सोल्डरचे) आहेत, आणि असा डाख १८३ अंशांनाच वितळू लागतो. मोटारसायकलच्या चाकांना किंवा बागेतल्या बाकांना हे कोटिंग उत्तम. डाख लावून जोडलेल्या पातळ पत्र्याला नाही. इतकी गोष्ट डाख मारणाऱ्या कोणत्याही कारागिराला ठाऊक असते, ‘विंटेज क्लॉकवर्क तज्ज्ञ’ अशी पाटी लावणाऱ्या कंपनीला ठाऊक असावी ही अपेक्षा मला जास्त वाटत नाही.

आत तर आणखी मजा आहे. ब्लास्टिंगची बारीक वाळू दातेरी चक्रांत शिरलेली आहे आणि त्यावरच तेल ओतले आहे, त्यामुळे आत घासणीची छान पेस्ट तयार झाली आहे. चावी देऊन इंजिन सोडले की जो कर्रकर्र आवाज येतो तो पितळी दाते झिजण्याचा. मंडळाने त्याला पुन्हा चावी देणे बंद केले आहे.

कमानीबद्दलही लिहायला हवे, कारण मुळात काम तेवढेच होते. मंडळात घड्याळजी असूनही आम्ही ते बाहेर दिले याचे कारण एवढेच की गजराच्या घड्याळाची कमान या इंजिनाला अरुंद पडते. योग्य रुंदीची आणि योग्य जाडीची पोलादी पट्टी इथे मिळेना. आपल्या जाहिरातीत ‘प्रत्येक मापाची कमान’ असे लिहिलेले होते. आपण बसवलेली कमान रुंदीला बरोबर पण जाडीला जास्त आहे. जाड कमान म्हणजे वेढे कमी आणि झटका जास्त. इंजिन सुटताक्षणी उडी मारते आणि अर्ध्या फेरीत थांबते. जुनी, तुटलेली कमान परत पाठवली असती तर जाडी मोजून तरी घेता आली असती. ती आलेली नाही. मूळची ओतीव चाकेही आलेली नाहीत. त्यांच्या जागी नायलॉनची, बारीक कडेची चाके आहेत, ती आमच्या जुन्या पत्र्याच्या रुळांवर वळणावर उतरतात. चाके बदला असे कोणी सांगितले होते?

इथे एक गोष्ट तक्रारीच्या बाहेरची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या काळातल्या खेळण्यांच्या रंगांत शिसे असणे सर्रास होते. असा रंग कोरड्या वाळूने उडवला की शिशाची धूळ होते, आणि ती समोर उभा असलेला माणूस श्वासावाटे आत घेतो. आपल्या ब्लास्टिंगच्या खोलीत काम करणाऱ्या मुलाला कोणी हे सांगितले आहे का? साधा कापडी मास्क पुरत नाही. आमचे नुकसान एका इंजिनाचे आहे. त्याचे रोजचे आहे.

आपल्या प्रतिनिधी बाईंशी फोनवर बोलणे झाले. त्या अतिशय सौजन्याने बोलल्या, तक्रार त्यांच्याविषयी नाही. पण त्यांच्यासमोरच्या पडद्यावर जे लिहिले होते ते त्यांनी वाचून दाखवले: ‘खेळण्यांच्या दुरुस्तीत भरपाईची मर्यादा दुरुस्तीच्या शुल्काइतकी.’ आणि मग, “काका, टॉयच आहे ना शेवटी.” ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांपुढे चांदीची गाडी फिरत असे, तीही याच बॅसेट-लोक कंपनीने १९०६ मध्ये बनवली, आणि तीही खेळणेच आहे. तिला उद्या कोणी लाल पावडर कोटिंग केले तर भरपाईची मर्यादा काय ठरेल?

वडोदऱ्यात हा छंद काही आकाशातून पडलेला नाही. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. ती आधी बैल ओढत असत, इंजिने नियमितपणे यायला १८८० उजाडले. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांना शाळेत नेण्यासाठी आंब्याच्या बागेभोवती छोटी गाडी फिरत असे, आणि शाळेची ती इमारत म्हणजे आजचे महाराजा फत्तेसिंह संग्रहालय; इंजिन दाराशीच ठेवलेले आहे. आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना हे वेड कधी ना कधी त्या इंजिनापाशीच लागले. दांडिया बाजार, रावपुरा इथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून अजूनही चाव्यांची इंजिने, वाकलेले रूळ, पत्र्याची स्टेशने निघतात. लोक भंगारात द्यायच्या आधी आम्हाला बोलावतात, आणि आम्ही जातो, चहा पितो, माळ्यावर चढतो. हे इंजिन असेच एका घरातून आले. त्या घरच्या आजींनी ते मंडळाला विश्वासाने दिले होते. त्यांना अजून कोणी कळवलेले नाही. कळवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

आम्ही स्वतः दुरुस्ती करतो तेव्हाचा नियम साधा आहे: जे केले ते उद्या कोणाला काढून टाकता आले पाहिजे. पत्रा मऊ सुती फडक्याने पुसायचा, छपाईवरचे वार्निश उतरेल असा कोणताही द्रव वापरायचा नाही, गंज वाढू नये म्हणून मेणाचा पातळ हात द्यायचा आणि थांबायचे. रंग उडाला असेल तर उडालेला राहू द्यायचा. नवा भाग करावाच लागला तर त्याच्या आतल्या बाजूला साल कोरायचे, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी फसणार नाही. जुन्या खेळण्याची किंमत करणारे लोकही आधी मूळ रंग किती शिल्लक आहे तेच पाहतात. रंगाला हात लावू नका असे आम्ही लिहिले होते ते एवढ्यासाठी. तो हट्ट नव्हता.

आता आपल्या संकेतस्थळावरची जाहिरात. तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी शेजारी लावले आहेत आणि ते आमच्या इंजिनाचे आहेत. ‘नंतर’च्या फोटोत बफर जागेवर आहे, म्हणजे तो निखळायच्या आधी काढलेला दिसतो. आमच्या परवानगीशिवाय हे फोटो वापरले आहेत. ते आजच उतरवावेत. पण उतरवण्याआधी थांबा, त्या ‘आधी’च्या फोटोवर पुढे लिहितो आहे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दुरुस्तीचे शुल्क, दोन्ही बाजूंचा पाठवणीचा खर्च पूर्ण परत मिळावा. इंजिनाच्या मूल्यात आलेली घट आम्ही स्वतंत्र जाणकाराकडून ठरवून घेऊ, त्याचे शुल्क आणि ठरलेली रक्कम आपण द्यावी. मूळ चाके, जुनी कमान, मूळ चावी आणि आपल्याला निरुपयोगी वाटून बाजूला ठेवलेला प्रत्येक स्क्रू परत हवा. ते कचऱ्यात गेले असल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे आम्ही शोधणे थांबवू.

कोणती वाळू, कोणते रसायन, कोणती पावडर, ओव्हनचे तापमान किती आणि किती वेळ, याची कामाची नोंद द्यावी. हे आपल्याला अडकवण्यासाठी मागत नाही. ते लाल थर कधी काढता येतील का, आणि काढताना उरलेला डाख टिकेल का, हे ठरवायला आमच्या फिटर काकांना ती माहिती लागेल.

आणि ते फोटो. काम सुरू करण्याआधी आपल्या माणसाने इंजिनाचे सर्व बाजूंनी फोटो काढले असणार, आपल्या अर्जातच तशी अट आहे. त्यात पोटाची बाजूही असेल. जीबीएन ही अक्षरे आणि मूळ रेघा आता जगात फक्त आपल्या संगणकात शिल्लक आहेत. आमच्याकडे मोबाइलवर काढलेले एक-दोन अंधारे फोटो आहेत, त्यात खालची बाजू नाही. आपले सगळे मूळ फोटो, लहान न करता, न छाटता, पूर्ण आकारात पाठवावेत. बाकी रकमेवर घासाघीस करायची असेल तर करू, यावर करणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल केली जाईल. त्या कायद्याप्रमाणे ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, तेव्हा तारखांना यावे लागेल ते आपल्याला, वडोदऱ्याला. या सूचनेत धमकी वाटली तर ती तशीच समजावी.

आपल्या शेवटच्या ईमेलमध्ये ‘सदिच्छा म्हणून विनामूल्य पुन्हा रंगवून देऊ, ग्राहकाने आवडीचा रंग कळवावा’ असा प्रस्ताव आहे आणि इंजिन नेण्यासाठी माणूस पाठवण्याची तारीखही परस्पर ठरवली आहे. तो माणूस पाठवू नये. आला तर चहा देऊ, इंजिन देणार नाही.

आपला,
मंडळाचा चिटणीस आणि आपला ग्राहक
दांडिया बाजार, वडोदरा

सोबत: अर्जाची प्रत, बिलाची प्रत, इंजिनाच्या सध्याच्या अवस्थेचे फोटो, निखळलेल्या बफरचा फोटो (बफर आमच्याकडेच आहे)