मुंगोची गोष्ट अर्धीच राहिली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्रजी विनोदी संगीतिकांवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण ‘द पॅडलॉक’ त्यात दोन ओळींत उरकली आहे, ते मनाला लागले.

१७६८ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात ती प्रथम रंगली. शब्द बिकरस्टाफचे, संगीत डिबडिनचे. म्हातारा डॉन दिएगो तरण्या लिओनोराला घरात कोंडून दाराला कुलूप ठोकतो, अशी कथा. भाव खाऊन गेला तो मात्र त्याचा गुलाम मुंगो. खुद्द डिबडिननेच तोंड काळे रंगवून ती भूमिका केली. हाकेसरशी इकडून तिकडे धावणारा मुंगो गातो, की याहून कुत्र्याचे जिणे बरे. आणि प्रेक्षक हसत.

पुढच्याच वर्षी, मे १७६९ मध्ये, धाकटा लुईस हॅलम हा नट न्यूयॉर्कच्या जॉन स्ट्रीट थिएटरात मुंगो झाला. तिथे तर शहरातल्या कित्येक घरांत खरेखुरे गुलाम राबत होते. १७७४ मध्ये अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, नाटकांना विरोध केल्यावर हॅलमची मंडळी जमैकाला गेली. त्या बेटावर गोऱ्यांच्या कैक पटींनी गुलाम होते, उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबणारे.

याच मुंगोच्या तोंडी १७८७ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाने गुलामगिरीविरुद्धचे भरतवाक्य छापले. म्हणजे त्या गाण्यातले दुःख ऐकू येणारेही होते.

लेखात आयरा ऑल्ड्रिजचे नावसुद्धा नाही, हे तर मला अजिबात पटलेले नाही. १८०७ मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेला हा कृष्णवर्णीय नट विशीच्या आतच इंग्लंडला गेला. एकाच रात्री आधी ऑथेल्लो आणि मागून मुंगो, असे प्रयोग त्याने केले. रंग फासलेल्या नटाच्या तोंडी जी निव्वळ थट्टा होती, ती त्याच्या तोंडी थट्टा राहिली नसणार, असे मला ठामपणे वाटते. गावोगावचा मुक्काम संपताना, शेवटच्या प्रयोगानंतर, तो गुलामगिरीविरुद्ध प्रेक्षकांशी बोलतही असे. १८६७ मध्ये दौऱ्यावर असतानाच पोलंडमधल्या वूज शहरी त्याचे निधन झाले; त्याची कबर तिथेच आहे.

ऑल्ड्रिजवर पुरवणीत स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. एका परिच्छेदात मावणारा हा माणूस नाही.

आपला,
एक वाचक, पुणे