ड्रेसिंगवाल्या सिस्टरना, एका रेशीमवालीकडून

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या त्या दवाखान्यात रोज इतके पेशंट तुमच्या हाताखालून जातात, की नाव सांगून ओळख लागायची नाही. म्हणून खूण सांगते. गुऱ्हाळावर काहील उतरवताना पाक उडून ज्यांची पोटरी भाजली होती आणि ड्रेसिंगच्या ट्रॉलीचा आवाज आला की जे चादर तोंडावर ओढून घ्यायचे, ते आमचे मालक. मी त्यांची बायको, वाळवा तालुक्यातली तुतीवाली. डॉक्टरसाहेबांना पेढे दिले, तेव्हा तुमची सुट्टी होती. तुमचे आभार राहिले ते राहिलेच.

गुळाचा पाक काहिलीतून उतरतो तेव्हा त्याची उष्णता शंभर अंशांच्या बरीच वर असते. शिवाय तो कातडीला चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. त्यामुळे भाजलं ते खोल. मांडीची कातडी काढून पोटरीवर लावावी लागली. आम्ही धरून चाललो होतो की त्रास पोटरीचा होणार, आणि हे रात्रभर कण्हायचे ते मांडीच्या नावानं! तेव्हा तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि सांगितलंत, की मांडीचा फक्त वरचा पातळ थर सोललेला असतो. खाली केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी शाबूत असतात, त्यांच्यातूनच नवी कातडी वर येते, साधारण दोन आठवड्यांत. पण तोवर नसांची टोकं उघडी पडलेली असतात, म्हणून आग आग होते. दुखण्याचं कारण कळल्यावर ह्यांचा निम्मा धीर परत आला, खरं सांगते.

मांडीवर लावलेला तो पातळ पापुद्रा रेशमाचा आहे, हे मला तुमच्याकडूनच कळलं. “घरी काय करता?” म्हणून विचारलंत, मी “रेशीम” म्हटलं, आणि तुम्ही खो खो हसलात. “मग मावशी, हे तुमच्याच घरचं की!” आमच्याकडचे कोष कितीतरी वर्षं टेम्पोत भरून कर्नाटकात रामनगरच्या बाजारात जायचे. तिथून पुढे त्याची साडी होते एवढंच आम्हाला ठाऊक. बंगळूरकडून त्याचं जखमेवरचं ड्रेसिंग होऊन मिरजेला येईल, हे कुणाच्या ध्यानीमनी?

तुम्ही सांगितलेलं सगळं मी घरी येऊन बी.एस्सी.ला असलेल्या मुलीकडून नीट समजून घेतलं. कोषात दोन प्रथिनं. आतला धागा फायब्रोइनचा, तो वजनात जवळजवळ तीन चतुर्थांश, आणि त्याला चिकटवून धरणारा डिंक म्हणजे सेरिसिन. सोड्याच्या पाण्यात उकळलं की डिंक सुटतो. उरलेला धागा लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात विरघळवतात, मग क्षार काढून टाकतात आणि त्या पाण्यासारख्या रेशमाचा पापुद्रा, स्पंज नाहीतर जेल बनवतात. पापुद्र्यातून वाफ बाहेर जाते, हवा आत येते, पण जखम सुकून खडखडीत होत नाही. ओलसर राहिलेली जखम लवकर भरते, हे 1962 मध्येच जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं. आणि आमच्या डोक्यात अजून “वारं लागू द्या, खपली धरू द्या” हेच.

सेरिसिनचं तर नवल वाटलं. गिरण्या जे पाणी गटारात सोडून द्यायच्या, त्यातला तो डिंक ओलावा धरून ठेवतो म्हणून आता मलमात आणि ड्रेसिंगमध्ये घालतात. थायलंडमध्ये भाजलेल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. चीनमधल्या डॉक्टरांनी तर अगदी आमच्यासारख्याच, कातडी काढलेल्या जागेवर फायब्रोइनचा पापुद्रा लावून 71 रुग्ण तपासले आणि 2017 मध्ये निष्कर्ष छापले. नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा जखमा थोड्या लवकर भरल्या. थोड्या, बरं का. मुलीनं “थोड्या”वर बोट ठेवून दाखवलं. रेशीम जखमेला नवं नाहीच म्हणा. सुश्रुतसंहितेत पट्टीसाठी जी वस्त्रं सांगितली आहेत, त्यांत कौशेय, म्हणजे रेशीम, आहेच.

पण सिस्टर, तुमचे खरे आभार मानायचेत ते तुमच्या हातांसाठी आणि तोंडासाठी.

पापुद्र्याच्या कडा सुटायला लागल्या तेव्हा ह्यांच्या मामेभावानं टोक धरून ओढायला हात पुढे केला. तुम्ही तो हात तिथंच थांबवलात. सलाईनचा बोळा कडेवर ठेवून वाट बघितलीत, जेवढं आपोआप उचललं गेलं तेवढंच बारीक कात्रीनं छाटलंत आणि मधलं, चिकटलेलं तसंच ठेवलंत. “खाली कातडी आली की हे स्वतःहून सोडतं, आपण घाई करायची नाही.” प्रत्येक वेळी तेच, तसंच, न कंटाळता. ह्यांनी चादर तोंडावर ओढायची कधी सोडली, ते मलाही कळलं नाही.

आणि तोंड म्हणजे असं, की भेटायला आलेल्या आमच्या गटातल्या एकीनं विचारलं, घरचाच कोष कापून जखमेवर बांधला तर काय बिघडेल, फुकटात काम! तुम्ही तिला झापलं नाहीत. उलट विचारलंत, “अळी कोष करायच्या आधी काय करते?” लघवी करते, हे आम्हा सगळ्यांना पाठ, चंद्रिकेवर, म्हणजे अळ्या ज्यावर कोष करतात त्या चौकटीवर, तेव्हा हवा खेळती ठेवायला आमची किती धावपळ! तेच कोषाला लागतं, वर शेडमधली धूळ आणि विष्ठा. शुद्ध करून, निर्जंतुक करून आलेलं रेशीम वेगळं आणि चंद्रिकेवरून काढलेला कोष वेगळा. ती बाई आता गावभर हेच सांगत फिरते.

तुम्ही कसली खोटी आशाही दाखवली नाहीत. पोटरीवर साधी व्हॅसलिनची जाळीच ठेवलीत. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या पायाला साखरेची जखम होती. त्यांच्या सुनेनं “आम्हालाही रेशमाचं लावा” म्हटलं, तेव्हा आधी साखर, मग पायावरचा भार, मग पू, ड्रेसिंग सगळ्यात शेवटी, असं तुम्ही तिला बसवून सांगितलंत. माझ्या मालाची एवढी कमी जाहिरात कुणी केली नसेल, पण मला तुम्ही तिथंच आवडलात.

मांडीवर आता फक्त फिकट डाग आहे. पोटरीला खोबरेल लावतो, उन्हात झाकतो, तुम्ही सांगितलंत तसं.

आमच्या गटातल्या बायकांना तुमच्याकडून भाजल्यावर काय करायचं ते ऐकायचंय. गुऱ्हाळं सुरू व्हायच्या आत आलात तर बरं. आधी वीस मिनिटं वाहतं पाणी, टूथपेस्ट नको, हे मी सांगितलंय, पण माझं कोण ऐकतं! अळ्यांची बॅच चालू असली तर शेडही दाखवीन. फक्त येताना अत्तर, पावडर लावून येऊ नका, आणि दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय तुम्हालासुद्धा आत सोडणार नाही.

तुमची,
वाळव्याची तुतीवाली मावशी